आचेचा पहिला घास

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूला मनातल्या मनात मत्सरी ठरवून टाकलं, आणि त्या एका चुकीपायी त्याच्यावर जन्मभर कपाळ बडवायची पाळी येत होती. विद्या होती घरी बिअर करण्याची. आता बिअर म्हटल्यावर कोणी नाक मुरडू नये आणि कोणी जिभल्याही चाटू नयेत! ती प्यावी की न प्यावी, परवान्याचं काय, हे ज्याचं त्याने पाहावं. आपल्याला आज कर्तव्य आहे ते तिच्याखालच्या आचेशी.

गुरू म्हणजे एक वृद्ध गृहस्थ. सगळे त्यांना नाना म्हणत. परसातल्या जांभळीखाली एका लहानशा शेगडीवर ते मोड आणून वाळवलेल्या जवाचा काढा उकळत, त्यात हॉप्सची कडू फुलं टाकत आणि फेस वर येऊ लागला की ज्योत बारीक करत म्हणत, "उतायचं नाही, मातायचं नाही. कहाणीत हे व्रतासाठी सांगितलंय, पण खरं ते आपल्या कामाचं आहे. भांड्याने उतायचं नाही आणि करणाऱ्याने मातायचं नाही." शिष्य हसून मान डोलवायचा.

हळूहळू शिष्याच्या हाताला चव आली. मित्र वाखाणू लागले आणि एका मित्राच्या लग्नासाठी भलंमोठं पातेलं भरून करून द्यायचं त्याने भर मैफलीत कबूल केलं. शब्द देऊन बसला, आता नाक राखायला हवं. घरच्या शेगडीवर तर तेवढा काढा दिवसभर नुसता कोमटच राही. तो नानांकडे गेला.

"नाना, मोठी भट्टी घ्यायची म्हणतोय. कोणती घेऊ?"

"आधी जागा दाखव. मग भट्टी सांगतो."

"जागेचं काय एवढं? मी भट्टीचं विचारतोय."

"मीसुद्धा भट्टीचंच सांगतोय, बाळा."

शिष्याला ते लागलं. आपलं पातेलं मोठं झालेलं म्हाताऱ्याला बघवत नाही, असं त्याच्या मनाने घेतलं, आणि तो तडक बाजारात व्यापाऱ्याकडे गेला. व्यापाऱ्याने जागेबिगेचं काही विचारलं नाही. पातेलं केवढं, एवढंच विचारलं. शिष्याने दोन्ही हात पसरून दाखवले.

"मग ही न्या साहेब! प्रोपेन गॅसच्या सिलिंडरवर चालते. पंगतीचा भात शिजवणारे हीच नेतात. पेटली की अशी घोंगावते, पाणी भिऊन उकळतं! फक्त वारा लागू देऊ नका."

घरामागची गॅलरी शिष्याने नुकतीच काचा लावून बंद करून घेतली होती. तिथे भट्टी मांडली. ज्योत वाऱ्याने हलू नये, शिवाय जवाचा वास शेजारी जाऊन चार तोंडांना खाद्य मिळू नये, म्हणून त्याने काचांच्या फटीत कागद कोंबले आणि वर चिकटपट्टी मारली. आतलं दारही ओढून घेतलं. नानांना मुद्दाम निरोप धाडला, की या, बघायला या.

त्याची पत्नी शर्वाणी मोठ्या डावाने काढा ढवळत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अहो, माझं डोकं भणभणतंय."

"उकाड्याने. तू ढवळत राहा, नाहीतर बुडाला लागेल."

"मला मळमळतंय हो."

"जवाचा वास उग्रच असतो. आता उकळी फुटेल बघ!"

निळी ज्योत टोकाशी पिवळी पडत चालली होती. शिष्याला वाटलं, वा, काय सोन्यासारखी दिसते! त्याचंही डोकं जड झालं होतं, पण ते त्याने आनंदाच्या खाती घातलं. एवढ्यात फेस भसाभसा वर आला. त्याने झटकन ज्योत बारीक केली. एक थेंब बाहेर सांडला नाही.

"पाहिलंस? उतलं नाही!"

 शर्वाणी भिंतीला डोकं टेकून स्टुलावर बसली होती. दमली असेल, असं म्हणून त्याने तिच्या हातून गळलेला डाव उचलला आणि स्वतः ढवळू लागला.

नाना आले ते त्याच क्षणी. दारातूनच त्यांनी एकदा ज्योतीकडे पाहिलं, एकदा शर्वाणीकडे. रामराम नाही, शाबासकी नाही. पुढे होऊन त्यांनी सिलिंडर बंद केला, हातातली काठी उचलली आणि नव्याकोऱ्या काचेवर हाणली. खळ्ळकन!

शिष्य जागच्या जागी थिजला. ज्या माणसाने कधी आवाज चढवला नाही, वाटेतल्या मुंगीलाही ओलांडून गेला, तो दुसऱ्यांदा काठी उगारत होता!

"नाना! वेड लागलं का तुम्हाला? नव्या काचा आहेत त्या!"

"खड्ड्यात गेल्या काचा! पोरीला उचल आधी!"

मग कुठे त्याने वळून पाहिलं. "शर्वाणी," त्याने हाक मारली. तिने ओ दिली नाही. त्याने तिला उचललं तर तिची मान त्याच्या दंडावर लुळी पडली. त्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं. "अगं, डोळे उघड ना गं!" तो ओरडत होता आणि त्याचे स्वतःचे गुडघे वाकत होते. नानांनी एका बाजूने आधार दिला. कसंबसं दोघांनी तिला मोकळ्यावर आणलं आणि शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं.

तिला प्राणवायू लावला गेला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वाचल्या. कोंडलेल्या भट्टीचा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, अंगात भिनला होता. आणखी थोडा उशीर झाला असता, तर..." शिष्यालाही तपासून त्यांनी दाराशी बसवून ठेवलं. त्याच्या चपलेत काचेचे तुकडे होते.

"नाना, मला कळलंच नाही हो. ना धूर, ना वास..."

"त्या विषाला वास नसतो, रंग नसतो," नाना शांतपणे म्हणाले. "आच पेटली की ती आधी भांडं तापवत नाही. तिचा पहिला घास हवेचा. हवा पुरेनाशी झाली की ती पिवळी पडते आणि विष सोडते. जेवढी भट्टी मोठी, तेवढा तिचा घास मोठा. म्हणून मी जागा विचारली. तू पातेलं मोजलंस, जव तोललेस, पण त्या खोलीत श्वास घेणारं आणखी कोणी आहे, हे धरलंच नाहीस. विष मुकं होतं, बाबा. तुझी बायको मुकी नव्हती."

शिष्याने खाली मान घातली.

"भांडं उतू दिलं नाहीस, हे खरं," नाना म्हणाले. "पण तू उतलास."

लग्नात बिअर गेली नाही. शिष्याने मित्राकडे जाऊन हात जोडले. शब्द गेला, नाक गेलं, आणि त्याचं त्याला काही वाटलं नाही. घरात शर्वाणीचा वावर ऐकू येत होता, तेवढं त्याला पुरे होतं.

पुढे बऱ्याच दिवसांनी त्याने ती भट्टी बाहेर काढली, पण पेटवली नाही. अंगणात तशीच हातात धरून उभा राहिला आणि त्याने बायकोला विचारलं, "कुठे ठेवू?"

ती अंगणभर फिरली. कुंपणाजवळच्या मोकळ्या जागी थांबून तिने छाती भरून श्वास घेतला. "इथे ठेवा," ती म्हणाली.

त्याने भट्टी तिथे ठेवली.

आपणही मोठं काही करायचं म्हणून घरात जी आच लावून बसलो आहोत, ती कोणाच्या वाटची हवा खाते आहे, हे आज घरी गेल्यावर विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावं.