हातांना आरोग्य लाभो

"मी इथंच राहू का, देदे?"

यूसुफ देदे लसूण सोलत होते. तुर्कस्तानातल्या एका डोंगरगावातल्या फकिरांच्या घरातले ते वडीलधारे. विचारणारा मिरजेचा श्रीरंग बेहेरे. भाषा शिकायला म्हणून सहा महिन्यांसाठी आला आणि त्या देशाच्या पुरता प्रेमात पडला. उद्या सकाळी त्याला परतायचं होतं.

"का राहायचंय?"

"तुमच्या बोलण्यासाठी. काम करणाऱ्याला वाटसरूही म्हणतो, काम सोपं जावो. आजाऱ्याला म्हणतात, दुखणं सरून जावो. आणि रांधणाऱ्याला... तुमच्या हातांना आरोग्य लाभो! आमच्याकडं असलं काहीच नाही हो."

दुसऱ्याच्या ताटातला लाडू मोठा दिसतो म्हणतात. श्रीरंगाला तर आपल्या ताटात लाडूच दिसेना.

"घरी कोण रांधतं?"

"आई. आम्ही दोघंच असतो."

"तिला काय म्हणतोस?"

"काहीच नाही." श्रीरंग ओशाळला. "घरच्या माणसाचे आभार मानले तर परकं वाटतं. फार तर... आणखी वाढ म्हणतो."

"मग ती?"

"आधी हसते. मग वाढते."



तेवढ्यात तिथं रांधणाऱ्या फात्मा आजी मसुरीच्या सुपाचं पातेलं घेऊन आल्या. श्रीरंगानं वाडगा संपवला, छातीवर हात ठेवला आणि अस्सल तिथल्या उच्चारात म्हणाला, "एलिनिझे साआलक." हातांना आरोग्य लाभो.

आजींनी अदबीनं मान लववली, ठरलेलं उत्तर दिलं आणि पातेलं उचललं. सहा महिने हे असंच चाललं होतं.

देदेंनी रिकामा वाडगा श्रीरंगाच्या हातात दिला.

"आता घरी म्हणतोस ते. तुझ्या भाषेत."

श्रीरंगाला संकोच वाटला. तरी त्यानं वाडगा पुढं केला.

"आजी... आणखी वाढ ना गं."

आजींना मराठीचा गंधही नव्हता. पण त्या तोंडभर हसल्या आणि वाडगा काठोकाठ भरला. जाताना त्याला टपली मारून "ओलुम" म्हणाल्या. माझ्या पोरा.

श्रीरंगाला भरून आलं. आजवर किती हातांनी आपल्याला वाढलं, आणि आपण नुसतेच जेवत राहिलो! कुणाकुणाला नमस्कार करावा तेच त्याला कळेना.

"मग... राहू का, देदे?"

देदेंनी लसणाची पुढची पाकळी सोलायला घेतली.

"सकाळची गाडी चुकवू नकोस. सहा महिन्यांत तुझ्या आईला कुणी 'आणखी वाढ' म्हटलेलं नाही."