बालवर्गाचे चाळीस ग्रॅज्युएट

बालवर्गाचा ‘ग्रॅज्युएशन डे’ होता. पाच वर्षांची चाळीस पोरं, पण काळे गाऊन, टोप्या, सगळा थाट विद्यापीठाचा! प्रमाणपत्रांवर सह्या ठोकून संस्थेचे अध्यक्ष वाळिंबेसाहेब माइकवर गरजले, “जूनपासून इथे फक्त ग्रॅज्युएटच शिकवतील. बारावी पास सावळेबाईंची नोकरी आज संपली!”

अकरा वर्षं बालवर्गाला शिकवणाऱ्या सावळेबाईंनी प्रमाणपत्रांचा गठ्ठा उचलला.

“साहेब, या पोरांना मीच शिकवलंय. माझं शिकवणं चालत नसेल, तर ही ग्रॅज्युएट कशी झाली? पालक समोरच बसलेत. तुमच्या सहीची ही प्रमाणपत्रं वाटू, की फाडू?”

पालकांच्या नजरा साहेबांवर खिळल्या. त्यांनी घाम पुसला.

“वाटा,” ते पुटपुटले, “आणि जूनमध्ये वेळेवर या.”