बाहुल्यांचा वाटा

एक होता राजा, आणि त्याच्या राज्यात राहायची अकरा बाहुल्यांची आई. राजाचं नाव उदयभान, आईचं नाव भिवरा. गोष्ट भिवराची आहे. राजा आपला मध्ये मध्ये येऊन जाईल. आता पांघरुणं घ्या ओढून. आणि मध्येच "हे खरं का?" असं विचारायचं नाही, बरं का. मी हे पाहिलेलं नाही. पण ज्यानं पाहिलं त्यानं मला सांगितलं, आणि तो माणूस जेवण झाल्यावर कधी खोटं बोलत नाही.

तर भिवरा कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करायची. पांगाऱ्याच्या लाकडाच्या हातभर बाहुल्या, दोऱ्यांवर नाचणाऱ्या. दोऱ्या भिवराच्या बोटांत आणि ढोलकी तिच्या सासऱ्यांच्या, धोंडूआबांच्या मांडीवर. नवरा कधीच देवाघरी गेलेला. घरात माणसं ही दोनच. पण घर भरलेलं. ठेंगू राजा, गालावर तीळ असलेली शेवंता, मोठ्या पोटाचा राक्षस, आणखी आठ जण, सगळे आढ्याला ओळीनं टांगलेले.

त्या घराची एक रीत होती. संध्याकाळी चूल पेटली की भिवरा एकेक बाहुली मांडीवर घ्यायची. करंजाच्या तेलात बोटं बुडवून तिचं अंग चोळायची, मान, कोपरं, गुडघे. मग ती बाहुली वर, दुसरी खाली. हे बाहुल्यांचं जेवण. ते झाल्याशिवाय माणसांनी ताटावर बसायचं नाही. धोंडूआबा भुकेनं कासावीस व्हायचे, म्हणायचे, सूनबाई, त्या राक्षसाला जरा कमी वाढ, पोट बघ त्याचं. पण स्वतः कधी आधी घास घेतला नाही.

आणि खेळाचीही एक रीत होती. पडदा सरकला की ठेंगू राजा पुढं यायचा, कमरेवर हात ठेवायचा आणि विचारायचा, "मंडळी, जेवलात का?" सगळं गाव ओरडायचं, "जेवलो!" मग ढोलकीवर थाप पडायची. गाव जेवलो म्हणाल्याशिवाय खेळ सुरू करायचा नाही, असं भिवराच्या आजेसासऱ्यांच्याही आधीपासून ठरलेलं.

मग काय झालं, एक वर्ष पाऊस आला नाही. दुसऱ्या वर्षी ढग आले, बघून गेले. माणसांनी आधी गोडधोड सोडलं, मग जत्रा सोडल्या. भिवरा एका गावात खेळ घेऊन गेली. ठेंगू राजानं विचारलं, मंडळी, जेवलात का? आणि मंडळींनी माना खाली घातल्या. पुन्हा विचारलं. मागून एक लहान पोर म्हणालं, काल जेवलो होतो. भिवरानं पडदा ओढून घेतला. त्या दिवसापासून खेळ बंद.

खेळ बंद म्हणजे धान्य बंद, आणि धान्य बंद म्हणजे तेलही बंद. भिवरानं डोक्याला तेल लावायचं सोडलं आणि ते बाहुल्यांना दिलं. मग तेही संपलं. लाकूड सुकत गेलं. ठेंगू राजाची मान वळेना. शेवंताच्या गालाला, बरोबर तिळापाशी, चीर पडली. रात्री वारा सुटला की आढ्यावरून करकर आवाज यायचा. उंदीर नव्हते ते. भुका लागलेल्या बाहुल्या होत्या.

एवढ्यात दवंडी पिटली. जे गातात, नाचतात, वाजवतात, चित्रं काढतात आणि खेळ करतात, त्यांच्या हाताला सध्या काम नाही. त्यांनी राजाच्या कोठारावर यावं. घरात जितकी तोंडं, तितके वाटे धान्य मिळेल. राजा भला होता हो. फक्त कोठारावर त्यानं विसाजीपंत नावाचा माणूस बसवला होता, आणि त्या माणसाला दुसऱ्याच्या ताटात डोकवायची खोड होती.

भिवरा उठली, पदर खोचला आणि कोठारावर गेली. पंतांनी विचारलं, तोंडं किती? भिवरा म्हणाली, तेरा. लबाडी नव्हती, बरं का. त्या घरात कुणीही विचारलं असतं तर तेच सांगितलं असतं. पंतांनी तेरा वाटे मोजून दिले. भिवरानं मनात हिशेब केला, दोन वाटे आपल्याला, अकरा तेल्याकडे द्यायचे आणि करंजाचं तेल आणायचं.

पण तेल्याचं घर उघडायच्या आधीच पंत तिच्या दारात. आत आले, चुलीमागे बघितलं, कणगीत बघितलं. "तेरा तोंडं म्हणालीस. मला दोनच दिसतात, आणि त्यातल्या एकात दात नाहीत."

धोंडूआबा म्हणाले, "दात नसले तरी भूक आहे, पंत. आणि बाकीची मंडळी वर आहेत. मान वर करा की."

पंतांनी मान वर केली. मग काय विचारता. राजाची फसवणूक, कोठाराची लूट, सगळं म्हणून झालं. धान्य उचललं. बाहुल्यांच्या दोऱ्या कापल्या, अकराच्या अकरा टोपलीत भरल्या आणि म्हणाले, राजवाड्याच्या मुदपाकखान्यात जळण कमीच आहे.

भिवरा टोपलीच्या मागे चालत निघाली. मागे धोंडूआबा, गळ्यात ढोलकी.

दरबारात उन्हाची झळ नको म्हणून खिडक्या बंद होत्या आणि भरदिवसा समया तेवत होत्या. राजानं सगळं ऐकून घेतलं. तो भिवराला म्हणाला, बाई, चुकून बोलून गेलीस असं समजू. ही लाकडं आहेत एवढं सगळ्यांसमोर म्हण. तुझे दोन वाटे घे, लाकडंही घेऊन जा. विषय मिटला.

किती सोपं होतं, नाही का? एक शब्द म्हणायचा आणि घरी जायचं. पंतसुद्धा मान डोलवायला लागले. पण भिवरा टोपलीकडे बघत राहिली.

"नाही म्हणणार, महाराज," ती म्हणाली. "आजवर यांनी आम्हाला जेवू घातलं. त्यांना लाकूड म्हणून मी घरी नेलं, तर घरी जाईल ते लाकूडच. दोन वाटे नकोत मला. तेरा हवेत."

राजाला राग आला आणि थोडी मजाही वाटली. तो म्हणाला, ठीक आहे. माझ्यासमोर यांना जेवताना दाखव. तीनदा वाढीन. जेवल्या तर तेरा वाटे. नाही जेवल्या तर चूल.

मग पहिल्यांदा राजानं वाढलं. वाफाळता भात, वर तूप. बाहुल्यांनी बघितलंही नाही. दुसऱ्यांदा पंतांनी वाढलं, बेसनाचे लाडू. बाहुल्या गप्प. लाडू मात्र कमी होत गेले, कारण पंत शेजारीच उभे होते. तिकडे मुदपाकखान्यात चूल पेटल्याचा वास यायला लागला.

तिसऱ्यांदा भिवरा म्हणाली, आता मला वाढू द्या. घोड्यापुढे मासळी ठेवली आणि त्यानं तोंड फिरवलं, तर घोड्याला भूक नाही असं कुणी म्हणतं का? करंजाचं तेल आणा.

वाटीभर तेल आलं. भिवरा दरबाराच्या मधोमध मांडी घालून बसली, घरी बसायची तशी. ठेंगू राजाला मांडीवर घेतलं. बोटं बुडवली, मानेला लावली. आणि तेल गेलं की आत! पुन्हा लावलं, पुन्हा गेलं. दोन वर्षांची भूक ती. वाटी कोरडी पडली. मग शेवंता. तिनं तांब्या संपवला, आणि सगळ्यांच्या देखत तिच्या गालाची चीर मिटली, तीळ जागच्या जागी. मग आणखी आठ जण, तेल्याकडून घागरीमागून घागरी येतायत. शेवटी राक्षस. त्यानं आख्खा बुधला प्यायला, ढेकर दिली, आणि लाकडी हात लांब करून दरबारातल्या समयांमधलं तेलसुद्धा पिऊन टाकलं. पहिली विझली, दुसरी विझली, सगळ्या विझल्या. दरबारात गुडुप अंधार.

घाबरायचं नाही. शिपायांनी धावत जाऊन खिडक्या उघडल्या. ऊन आत आलं, आणि बघतात तर काय, अकरा बाहुल्या ओळीनं उभ्या. अंगावर दोरी नाही, हं. दोऱ्या पंतांनीच कापलेल्या. ठेंगू राजा टकटक पावलं टाकत सिंहासनापुढं गेला. मान वळवून सगळा दरबार पाहिला. कमरेवर हात ठेवले.

"मंडळी, जेवलात का?"

शिपायांनी माना खाली घातल्या. भालदारानं घातली, पंखा ढाळणारीनंही घातली. फक्त विसाजीपंत सवयीनं म्हणाले, जेवलो, आणि मग त्यांनी हळूच मिशीवरचं बेसन पुसलं.

राजा उदयभाननं त्या खाली गेलेल्या माना बघितल्या. भरल्या पोटाचा तो एकटाच, आणि पंत. तो सिंहासनावरून उतरला, ठेंगू राजाच्या समोर जमिनीवर बसला, आणि म्हणाला, "मी जेवलो. यांचं राहिलंय. थांबशील का जरा?"

ठेंगू राजा थांबला.

मग राजानं भिवराचे तेरा वाटे मोजून दिले आणि मोठं कोठार उघडलं, सगळ्यांसाठी. आणि कलावंतांसाठी एक कायमची रीत घातली. वाईट दिवस आले की त्यांच्या घरी दोन तऱ्हेचे वाटे जायचे. एक माणसांचा, एक कलेचा. बाहुल्यांना तेल, ढोलकीला चामडं, चितारणीला रंग, नाचणारीला घुंगरांची दोरी. पहिला वाटा माणूस जगावा म्हणून, दुसरा त्याचं काम मरू नये म्हणून. आणि हा दुसरा वाटा डोक्यावर घेऊन घरोघर कुणी पोचवायचा? विसाजीपंतांनी. धोंडूआबा रोज दारात बसून विचारायचे, काय पंत, राक्षसाला जरा जास्त आणलंय ना?

पाऊस त्यानंतर लगेच पडला, असं मी सांगणार नाही. तो पडायचा तेव्हा पडला. पण तोवर कुणी उपाशी राहिलं नाही, आणि कुठली ढोलकी मुकी झाली नाही. भिवरा पुन्हा गावोगाव गेली. ज्या गावात पडदा ओढून घेतला होता त्या गावात सर्वांत आधी. ठेंगू राजानं विचारलं, मंडळी, जेवलात का? आणि ते मागचं पोर इतक्या जोरात जेवलो म्हणालं, की धोंडूआबांची थाप पडायच्या आधीच ढोलकी वाजली.

भिवरा सुखात राहिली, बाहुल्या सुखात राहिल्या, पंतसुद्धा चालून चालून बारीक झाले आणि सुखात राहिले.

आता तुम्ही सांगा, मंडळी, जेवलात का?

जेवलात ना. मग मिटा डोळे.