आतून टोचणारा झगा

वडजी नावाच्या गावी केरबा शिंपी राहत असे. त्याच्या हातचा कपडा कधी उसवला नाही आणि कधी कुणी परतही आणला नाही. पंचक्रोशीतली लग्नं त्याच्या सुईवर उभी राहत, आणि याचा त्याला अभिमान होता.

केरबाला एकच मुलगी होती, सात वर्षांची बकुळा. पोर हुशार होती. पाखरू दिसण्याआधी आवाजावरून त्याचं नाव सांगायची. पण दिवाळी आली की तिचं काय व्हायचं, ते घरात कुणालाच कळत नसे.

मागच्या दिवाळीत तिला अंधारातच उठवलं. अंगाला खसाखसा उटणं चोळलं, कढत पाण्यानं न्हाऊ घातलं आणि कडक खळीचा नवा झगा चढवला. तेवढ्यात दारात फटाक्यांची माळ तडतडली. बकुळा किंचाळली. झगा अंगातून ओरबाडून काढून ती धान्याच्या कणगीमागे जाऊन बसली. गल्लीतली माणसं गोळा झाली. "लाडानं बिघडवलीय पोर," कुणीतरी म्हणालं. केरबाला लाज वाटली आणि त्यानं तिच्या पाठीत धपाटा घातला. बकुळा दोन दिवस जेवली नाही.

या वर्षी दसरा झाला आणि दुकानात दिवाळीच्या कपड्यांचा ढीग पडला. एके दुपारी बकुळा उलटा झगा घालून दुकानात आली.

"अगं, उलटा घातलास की!" केरबा म्हणाला.

"आबा, सुलटा आतून टोचतो. तुम्ही नेहमी बाहेरून बघता."

केरबा हसणार होता, पण हसला नाही. त्यानं समोरचा एक तयार झगा उचलला, त्यात हात घातला आणि शिवणीची कड आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला घासली. कड खरखरीत होती. तीस वर्षं त्यानं कपडे शिवले होते, पण आतून कपडा कसा लागतो हे कधी पाहिलं नव्हतं.

"आणखी काय काय टोचतं तुला?" त्यानं विचारलं.

"उटणं टोचतं. फटाका कानात टोचतो. तळणाचा वास नाकात टोचतो. खूप माणसं एकदम जवळ आली की तीपण टोचतात."

"मग मागच्या वर्षी सांगितलं का नाहीस, बाळा?"

"ओरडले होते की मी."

केरबानं मशीन थांबवलं. त्या दुपारी त्याच्याकडून पुढे एक टाका झाला नाही.

रात्री त्यानं बायकोला, चंद्राला, सगळं सांगितलं. मग तिनं उठून पेटीतलं आपलं जुनं लुगडं काढलं. धुवून धुवून ते सायीसारखं मऊ झालं होतं. "याचा शिव तिला," ती म्हणाली. केरबानं त्याचा झगा शिवला आणि एकही कड आत उघडी ठेवली नाही.

मग दोघांनी दिवाळीच बकुळाच्या मापानं बेतायला घेतली. तळणाची चूल परसात मांडली. माजघरातल्या कोपऱ्यात गोधडी अंथरून पुढे पडदा लावला. बकुळाला वाटेल तेव्हा तिनं तिथं जावं आणि कुणी तिला हाक मारू नये, असं ठरलं. रोज संध्याकाळी चंद्रा तिला सांगू लागली, "उद्या अमुक होणार, मग तमुक होणार." फटाके नदीकाठच्या माळावर उडवा, असं केरबानं गल्लीतल्या पोरांना विनवलं. पोरांनी ऐकलं. शेजारचा दगडू मात्र कुरकुरला, "एका पोरीसाठी गल्लीची दिवाळी सुनी करता?" पण तोही माळावर गेला.

पहिल्या अंघोळीला बकुळा उजाडल्यावर उठली. उटणं तिनं स्वतःच्या हातानं लावलं, थोडंसंच. रडणं नाही की पळणं नाही. चंद्राच्या डोळ्यांत पाणी आलं.

भाऊबीजेला सकाळी केरबाची थोरली बहीण सगुणा आली. आई लहानपणीच गेल्यामुळे केरबाला तिनंच वाढवलं होतं. त्याच्या हातात पहिली सुई तिनंच दिली होती. तिनं भाचीसाठी भरजरी परकर-पोलकं आणलं होतं. बकुळाचा झगा पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

"शिंप्याच्या पोरीला दिवाळीत जुनेर? काढ ते. हे घाल."

"टोचेल," बकुळा म्हणाली.

"एवढ्या हौसेनं आणलं, आणि अंगालासुद्धा लावायचं नाही? केरबा, या घरात माझा मान उरलाय की नाही?"

घरात दहा-पंधरा पाहुणे होते. सगळे वळून बघू लागले. बकुळानं कानांवर हात ठेवले. पण त्याआधी तिनं बापाच्या हाताकडं पाहिलं.

केरबाला ते दिसलं. त्यानं दोन्ही हात मागं घेतले.

"अक्का," तो हळू आवाजात म्हणाला, "तुझा मान मी डोक्यावर घेतो. पण तो तिच्या अंगावर घालू नको."

सगुणा रागानं ओट्यावर जाऊन बसली. चहा आला तसाच निवला. थोड्या वेळानं केरबा ते पोलकं उलटं करून घेऊन आला.

"एकदा गालाला लावून बघ. आपला गाल तर राठ झालाय. तिचा सात वर्षांचा आहे."

सगुणानं जरीची आतली बाजू गालाला लावली आणि चटकन बाजूला केली. मग उठून माजघरात गेली. बकुळा पडद्यामागे होती. सगुणानं पडदा उचलला नाही.

"येऊ का गं आत?"

आतून आवाज आला, "या. पण बोलायचं नाही."

सगुणा गोधडीवर टेकली. तिच्या सासरी वीस माणसांचं घर होतं. आठ दिवस तिची पाठ जमिनीला लागली नव्हती. इथं पडद्यामागे ना कुणी हाक मारत होतं, ना कुणी काही मागत होतं. बसल्या बसल्या तिला झोप लागली.

दुपारी ओवाळायची वेळ झाली. सगुणाला बोलवायला दगडूची बायको मोठ्यानं हाका मारत आली. बकुळा पडद्याबाहेर आली. समोर घरभर पाहुणे होते. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हळू बोला. आत्या झोपलीय."

पंधरा माणसं कुजबुजत बसली. ओवाळणीचं ताट तासभर तसंच थांबलं, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. सगुणा उठली ती हसतच. तिनं आधी भावाला ओवाळलं. बकुळा तेवढा वेळ आपण होऊन सगळ्यांत उभी राहिली. मग दोन करंज्या उचलून ती परत आपल्या कोपऱ्यात गेली. एक तिची होती, एक आत्याची.

तात्पर्य: सण सगळ्यांचा असला, तरी तो प्रत्येकाला सारखा सोसत नाही. मुलाचं रडणं हट्ट समजण्याआधी त्याला काय टोचतंय ते विचारावं, आणि सण त्याच्या मापाचा करावा.