झुंबरआत्यानं सांगितलेलं नाव

ही गोष्ट पाळणा सजायच्या आधी सांगायची नसते. पण आज दादाच्या लेकीचं बारसं आहे, आत अजून गजरे बांधणं चाललंय, आणि माझ्याच्यानं राहवत नाही. हळूच सांगते.

फार फार वर्षांपूर्वी आमच्या टाकळदऱ्यात झुंबर नावाची शेळ्या राखणारी होती. तिचा शब्द ओठांशी येऊन अडायचा. माणसं तो घाईनं पुरा करून टाकायची, तोही चुकीचा. म्हणून झुंबर शेळ्यांशीच बोलायची. असं म्हणतात, तिचं बोलणं संपेपर्यंत शेळी तोंडातला पालासुद्धा चावत नसे.

मग तिच्या भावाला मुलगी झाली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. झुंबरनं मनात नाव जपूनही ठेवलं होतं. पण शेजारची गंगूकाकी पाळण्याला आडवी आली.

"तू नको गं बाई! पोर तोतरी निघायची. मी सांगते."

झुंबर मागं सरली. तेवढ्यात बाळाची आई उठली. "मान वन्संचा आहे. नाव त्याच सांगतील."

झुंबर पाळण्यात वाकली. "कुर्र्र... त... त..."

"तारा!" गंगूकाकी म्हणाली. बाळानं भोकाड पसरलं.

"तानी? तान्हूबाई?" बायका म्हणाल्या. बाळ रडून लालेलाल.

"गप बसा गं सगळ्या!" वहिनीनं झुंबरच्या पाठीवर हात ठेवला. "सावकाश, वन्सं. आम्ही आहोत इथंच."

मग बाळ रडायचं थांबलं. डोंगरावरच्या शेळ्या उतरून दारात येऊन बसल्या. ओढा खळखळायचा राहिला. असं म्हणतात, सूर्यसुद्धा माथ्यावरून हलला नाही. नाव ऐकल्याशिवाय जायचं कसं?

"त... त... तुळसा!"

बाळ खुदकन हसलं. शेळ्या एकदम बेंबाटल्या, ओढा पळत सुटला, आणि घुगऱ्यांची परात फिरली.

पुढं तुळसा इतकी घडाघडा बोलू लागली, की गावानं कानांत बोटं घातली. आणि अडखळला कोण? गंगूकाकीचा नातू! त्याचं नाव तर एका दमात सांगितलं होतं. काकी त्याला घेऊन झुंबरकडं आली. "झुंबरे, याच्याशी बोलू तरी कशी?"

झुंबर हसली. "अ... अगं, ऐ... ऐकायचं."

तेव्हापासून टाकळदऱ्यात कुणाचा अडलेला शब्द कुणी पुरवत नाही. वर्गात मी कवितेच्या पहिल्याच ओळीवर अडले, तर मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी एक पोरगं हललं नाही. आणि बारशाला आमच्याकडं आत्याच्या पाठीत धपाटे घालत नाहीत. नुसता हात ठेवतात आणि म्हणतात—

"आत्याबाई! कुठं दडलीस? पाळणा सजला. सावकाश ये गं, आम्ही आहोत इथंच!"