मानाच्या दगडाची उतरण

डोंगर आजचेच होते, पण त्यांच्यावरच्या वाटा अजून पडायच्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. त्या डोंगरांच्या पायथ्याशी मेंढपाळांची एक वस्ती होती. गवत असेल तोवर माणसं तिथं राहायची, आणि गवत सरलं की मेंढ्या, घोडी, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन खालच्या मुलखात चालू लागायची.

या वस्तीची एक रीत होती. जो कुत्रा लांडग्यांपासून कळप वाचवील, तो वस्तीचा मानकरी. वस्तीच्या तोंडाशी कमरेइतका उंच काळा दगड होता. मानकरी कुत्र्यानं रोज सकाळी त्या दगडावर उडी घेऊन बसायचं, आणि प्रत्येक घरातून पहिली भाकरी, वर लोण्याचा गोळा ठेवून, त्याच्यापुढे यायची. त्याच्या गळ्यात पितळी खिळ्यांचा जाड पट्टा असायचा. वस्ती हलायच्या दिवशी म्हातारे कारभारी दगडावर चढून त्याच्या कपाळाला हळदीचा भंडारा लावायचे. कारभाऱ्यांना दोन दांडगे गडी काखेत हात घालून वर चढवायचे. तीही रीतच आहे, असं कारभारी सांगायचे, आणि त्यांना उलट विचारायची कुणाची टाप नव्हती.

म्हाकू नावाच्या मेंढपाळाचा काजळ्या हा त्या वेळचा मानकरी. एका हिवाळ्यात लांडगे कळपात शिरले तेव्हा काजळ्यानं एकट्यानं त्यांना पिटाळलं होतं. तेव्हापासून दगड त्याचा, लोणी त्याचं आणि पट्टाही त्याचा. म्हाकूला बायको नव्हती, मूल नव्हतं. जे काही होतं ते हे काळं कुत्रं. त्याच्यामुळे वस्तीत म्हाकूलाही दोन माणसं राम राम घालू लागली होती.

वर्षं गेली. काजळ्या अंगानं भरला. मग जरा जास्तच भरला. "अंग कसं धरलंय बघा!" बायका कौतुकानं म्हणायच्या आणि भाकरीवर आणखी थोडं लोणी सारायच्या. काजळ्याही कुणाचं मन मोडत नसे.

आणि एका थंडीच्या सकाळी काजळ्यानं दगडावर उडी घेतलीच नाही. तो दगडाजवळ आला, वर पाहिलं, मागच्या पायांवर जरा दबला, आणि तिथंच खाली बसला.

झालं, वस्तीला तेवढंच हवं होतं. कुणी म्हणालं दृष्ट लागली, म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या गेल्या. मेंढी लंगडली की खुरात काटा, एवढंच त्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. मग चौघांनी काजळ्याला आडवा पाडून सुईनं चारही पंजे कोरले. काटा काही निघाला नाही. काजळ्या निमूटपणे म्हाकूच्या तोंडाकडे बघत राहिला.

दुपारी मात्र तो जवळजवळ नीट चालू लागला. ते पाहून लोक आणखी भडकले.

"सकाळी लंगडतंय आन्‌ दुपारी चालतंय? हे कसलं दुखणं?" कारभारी काठी आपटत म्हणाले. "सोंग हाय सोंग. मान मिळाला, माज आला."

म्हाकूला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी त्यानंच काजळ्याला उचलून दगडावर ठेवलं. काजळ्या बसला खरा, पण उतरताना खाली उडी घ्यावी लागली, आणि तो असा ओरडला की म्हाकू पुढे धावला. तरी लोक बघत होते, म्हणून म्हाकू त्याच्यावरच खेकसला. कुत्र्यानं कान पाडले आणि तो झोपडीमागे ओल्या फरशीवर जाऊन पडला. त्याची नेहमीची जागा तीच होती.

पुढच्या आठवड्यात शेजारची चिमुरडी लाडानं काजळ्याच्या पाठीवर पडली. काजळ्या तिच्या अंगावर गुरकावला. दात लागले नाहीत, पण पोर घाबरून रडली आणि वस्ती गोळा झाली.

कारभाऱ्यांनी निवाडा दिला. "डागणी देऊन बघ म्हाकू, खुब्यावर तापलेली सळई लाव. न्हाईतर ऐक. वस्ती हलंल त्या सकाळी हे कुत्रं दगडावर दिसलं पायजे. दिसलं न्हाई, तर त्येला नदीच्या पल्याड सोडायचा. पोरांवर गुरकावणारं कुत्रं कळपासंगं येनार न्हाई."

नदीपलीकडे सोडायचा म्हणजे काय, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पलीकडे लांडगे होते, आणि लांडग्यांना काजळ्याची ओळख होती.

म्हाकूनं सळई तापवली नाही. घाटावर जनावरांची एक वैद्यीणबाई राहायची. राजाच्या घोड्यांना काही झालं तरी तिलाच बोलावणं यायचं. म्हाकू काजळ्याला घरी ठेवून एकटाच घाट चढून गेला आणि म्हणाला, "बाई, माझं कुत्रं लंगडतंय. मुळी द्या, पाला द्या, काय असंल ते द्या."

वैद्यीणबाई तोंडाची फटकळ होती. "दुखणं त्याला, आणि आलायस तू? तुझी नाडी बघून त्याला औषध देऊ? घेऊन ये त्याला. आणि मुक्कामाला ये. झोपेतून उठताना मला तो दिसला पाहिजे. दुपारचा कुत्रा मला काय सांगणार?"

म्हाकू आल्या पावली परतला. घोडीवर घोंगड्या घालून त्यानं काजळ्याला वर बसवलं आणि पुन्हा घाट चढला. वस्ती त्याला सोंगाडा म्हणते आणि तो पाठीवर पडलेल्या पोरीवर गुरकावला, हे त्यानं रात्रीच बाईला सांगून टाकलं.

सकाळी वैद्यीणबाई अंगणात नुसती बसून राहिली. काजळ्याला तिनं हातही लावला नाही. तो जागा झाला. आधी पुढचे पाय रोवले, मग मागचं धड कसंबसं वर ओढलं, आणि पहिली काही पावलं ताठ पायांनी टाकली. तिनं अंगणात बारीक वाळू पसरली होती. काजळ्या तिच्यावरून चालल्यावर तिनं म्हाकूला बोलावलं.

"हे पुढचे ठसे बघ, किती खोल आहेत. आणि मागचे?"

"वर वर टेकलेत," म्हाकू म्हणाला.

"म्हणजे बिचारा सगळा भार पुढं ढकलतोय. मागं दुखतंय म्हणून."

मग ती काजळ्याशेजारी बसली. एकेक सांधा तिनं हळूच वाकवला, हळूच सरळ केला. हात पायावर होता, पण नजर त्याच्या कानांवर होती. गुडघ्याशी काही नाही. खुब्याशी हात गेला तसे कान मागे गेले आणि काजळ्यानं ओठ चाटले. तिनं लगेच हात काढला. मग त्याच्या मांड्या चाचपल्या.

"पोट सुटलंय आणि मांडी वाळलीय. खुब्याचा सांधा झिजलाय याचा. रात्रभर पडून राहिलं की तो आखडतो, चालता चालता मोकळा होतो. म्हणून सकाळी लंगडतो आणि दुपारी चालतो. सोंग कसलं? आणि नेमक्या त्या जागेवर कुणी पडलं, तर तो गुरकावेल नाही तर काय गाणं म्हणेल? बरं, खातो काय? निजतो कुठं? उड्या कुठं मारतो?"

म्हाकूनं सांगायला सुरुवात केली ती अभिमानानंच. घराघरांतली भाकरी, लोणी, पितळी पट्टा, मानाचा दगड. बोलता बोलता त्याचा आवाज खाली खाली गेला. ओल्या फरशीचं सांगायची वेळ आली आणि तो थांबला.

"सांग की पुढं," वैद्यीणबाई म्हणाली.

"सांगायचं काय राह्यलं, बाई?" म्हाकूचे डोळे भरून आले. "आमचा मानच त्येला खातोय."

ती बाई फटकळ होती, पण वाईट नव्हती. तिनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "झिजलेलं भरून येत नाही. ते मी खोटं सांगणार नाही. पण दुखणं कमी करता येतं, आणि त्याला सुखानं म्हातारं होता येतं. त्याच्या वजनाच्या मानानं औषध देते, तेवढंच द्यायचं. तुमचं माणसांचं पाठदुखीचं औषध चुकूनसुद्धा त्याच्या तोंडात घालायचं नाही, जीव जाईल. बाकीचं औषध माझ्याकडे नाही. ते तुझ्या घरात आहे."

ते घरातलं औषध काय, हे म्हाकू घाट उतरताना घोकत आला. निजायला कोरडी, उबदार, मऊ जागा. लोणी बंद, भाकरी बेताची. उडी नाही, वर नाही आणि खालीही नाही. नुसतं बसवूनही ठेवायचं नाही. मऊ जमिनीवर थोडं थोडं, पण रोज चालवायचं. सकाळी खुब्याला गरम वाळूच्या पुरचुंडीचा शेक, आधी आपल्या मनगटाला लावून बघून.

घरी येताच त्यानं पहिल्यांदा तो जड पट्टा काढला. काजळ्यानं मान अशी जोरात झटकली की म्हाकूला हसू आलं.

औषध सोपं होतं, वस्ती अवघड होती. सकाळी बायका भाकऱ्या घेऊन आल्या आणि म्हाकू आडवा उभा राहिला.

"आमच्या घरची भाकरी चालत न्हाई व्हय आता?" एकीनं विचारलं.

खुद्द काजळ्यासुद्धा म्हाकूच्या पायांमधून डोकं काढून लोण्याकडे असं बघत होता, की जणू त्याला कुणी आठवडाभर उपाशी ठेवलंय. म्हाकूचं मन पाघळलं. पण वाळूवरचे ते ठसे त्याला आठवले.

"वयनी, मान मोडायचा न्हाई मला," तो हात जोडून म्हणाला. "भाकरीच्या जागी मूठभर लोकर द्या. त्येचा खुबा दुखतोय. त्येला निजायला गादी करतो."

मेंढपाळांच्या घरी लोकरीला काय तोटा? ज्या चिमुरडीवर काजळ्या गुरकावला होता, तिची आजी सगळ्यांत आधी ओंजळभर लोकर घेऊन आली. मग घराघरांतून लोकर आली. म्हाकूनं जाडजूड गादी शिवली आणि काजळ्याचं बिऱ्हाड झोपडीच्या आत, चुलीच्या अंगाला आलं.

रोज सकाळी म्हाकू शेक द्यायचा आणि मग दोघं नदीकाठच्या वाळूत हळूहळू फिरून यायचे. फिरून आलं की म्हाकू टोपलीनं माती आणायचा आणि मानाच्या दगडाला लागून ओतायचा. ओतायचा, पाणी मारायचा, चोपून घट्ट करायचा. पुढे लोकांनी विचारणंही सोडून दिलं.

कारभारी मात्र रोज येऊन बसायचे आणि कुरकुरायचे. "मानाच्या दगडाला उतरण? उडी घेऊन चढायची जागा हाय ती." पण म्हाकूनं गरम पुरचुंडी काजळ्याच्या खुब्यावर ठेवली आणि कुत्र्यानं सुखानं डोळे मिटले, की कारभाऱ्यांची कुरकुर आपोआप थांबायची. त्यांचा हात नकळत स्वतःच्या गुडघ्यावर जायचा. म्हाकूनं ते पाहिलं होतं.

गवत सरलं. वस्ती हलायचा दिवस उजाडला. घोड्यांवर बिऱ्हाडं चढली, मेंढ्या आरडू लागल्या. सगळी वस्ती दगडापाशी जमली. काजळ्या पोटानं उतरला होता, सकाळी लवकर मोकळा व्हायचा, पण तो काही जवान झाला नव्हता.

"जा रं बाळा," म्हाकू हळूच म्हणाला.

काजळ्या उतरणीपाशी गेला. मातीचा वास घेतला. मग घाईगर्दी न करता, एकेक पाऊल टेकवत वर चढला, दगडावर बसला आणि सगळ्या कळपावरून नजर फिरवली.

"उडी घेतली न्हाई," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "रीत मोडली."

सगळ्यांनी कारभाऱ्यांकडे पाहिलं. दोन दांडगे गडी नेहमीप्रमाणे त्यांच्या काखेत हात घालायला पुढे आले. कारभाऱ्यांनी काठीनंच त्यांना बाजूला सारलं. मग त्यांनी उतरणीवर एक पाऊल टाकलं. मग दुसरं. दगडाशी पोचेपर्यंत त्यांचा श्वास फुलला होता, पण कितीतरी वर्षांनी ते स्वतःच्या पायांनी वर आले होते. त्यांनी काजळ्याच्या कपाळाला भंडारा लावला, आणि त्यांचा हात थोडा वेळ तिथंच राहिला.

"लेका, तुझी सकाळ आन्‌ माझी सकाळ एकच हाय," ते कुत्र्याला म्हणाले. "आन्‌ मी तुझ्या खुब्यावर सळई लावायला सांगितली." मग खाली बघून ओरडले, "उतरण ऱ्हाऊ द्या! आन्‌ म्हाकू, ती बाई मान्सं तपासती का रं?"

"न्हाई, कारभारी. पण वाळूची पुरचुंडी करून देतो की."

लोक हसले, आणि वस्ती हलली. खडकाळ वाटेवर काजळ्या घोडीवर बसून गेला आणि मऊ रानात कळपाबरोबर चालला. पुढे कितीतरी वर्षं तरणी कुत्री त्याच्याकडूनच राखण शिकली. औषध संपत आलं की म्हाकू त्याला वैद्यीणबाईकडे दाखवून आणायचा. शेवटी काजळ्या गेला तो लोकरीच्या गादीवर, म्हाकूच्या मांडीवर डोकं ठेवून, झोपेत.

दगडाची उतरण मात्र राहिली. आजही त्या वस्तीत एखादं जनावर लंगडलं, तर कुणी सुई काढत नाही की सळई तापवत नाही. त्याला सकाळी उठताना बघतात, आणि मग घाट चढतात.

मुलांनो आणि मुलांच्या आजोबांनो, एवढं लक्षात ठेवा: ज्याच्यावर आपली माया आहे, त्याचं दुखणं आधी जाणत्याकडून नीट ओळखून घ्यावं, कारण न ओळखता केलेला लाडसुद्धा त्याला दुखवतो.