वेणूच्या नावाच्या ओवीची कहाणी

ऐक ओवीगौरी, तुझी कहाणी. आज मान फिरवू नकोस.

नगर होतं, आटपाट होतं. तिथं एक कासार होता. त्याची बायको कावेरी. त्या गावी चैत्रात ओवीगौरीचं व्रत असे. तीन शुक्रवार बायकांनी देवीच्या कपाळी ओलं फूल चिकटवावं, स्वतः रचलेली ओवी म्हणावी. फूल उजवीकडे पडलं, तर देवीनं ओवी घेतली. तिन्ही शुक्रवार पडलं नाही, तर त्या बाईनं पुन्हा देवळात ओवी म्हणू नये.

कावेरीची लेक वेणू माघात तापानं गेली. सात वर्षांची होती. सासूनं ताकीद दिली, या घरात तिचं नाव काढायचं नाही. कावेरीनं नाव गिळलं.

पहिला शुक्रवार आला. कावेरीनं देवीची कृपा गायिली. फूल पडलं नाही. दुसरा शुक्रवार आला. तिनं सुखाचा संसार गायिला. फूल पडलं नाही. धाकटी जाऊ म्हणाली, "जाऊबाई, ओव्या आटल्या वाटतं."

मग तिसरा शुक्रवार आला. सासूनं बजावलं, देवीचे उपकार आठव. कावेरीनं फूल लावलं. उपकारांचे शब्द ओठांशी आले. मग तिला स्वतःचाच संताप आला. दोन शुक्रवार मी खोटं गायिलं. देवीशी खोटं, लेकीशी खोटं. मग तिनं म्हटलं,

वेणू माझी नेली, सात वर्षांची सावली
नेताना गं गौरी, तुझी ओटी न फाटली?
हात तुझे मोठे, माझं एकच लेकरू
आई म्हणविसी, तुला हाक कशी मारू?

गुरव म्हणाला, बाई, पाप लागेल.

कावेरी म्हणाली, "लागू दे. गोड बोलून काय मिळालं?"

फूल उजवीकडे पडलं.

कावेरीनं हात जोडले नाहीत. "ओवी घेतलीस, आता लेक दे," म्हणाली. देवी जागची हलली नाही. मग कावेरी पाठ फिरवून घरी आली.

मागोमाग सासू आली. उंबऱ्यातच बसली. म्हणाली, "पोर तापात माझ्याकडे पाणी मागत होती. वैद्य पाणी देऊ नका म्हणाला होता. मी दिलं नाही."

कावेरीचा राग गेला नाही, वाढला. पण ती सासूसमोर बसली. म्हणाली, "आत्याबाई, कितीदा मागितलं? सगळं सांगा. तिचं नाव घेऊन सांगा."

मग सासूनं नाव घेतलं.

जशी कावेरीला खरी ओवी सापडली, तशी तुम्हां आम्हां सापडो. रागावलेल्यांचंही ऐकत जा, गौरी. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा उत्तरी इथं पुरती झाली, ऐकणाऱ्यांना सुफळ होवो.